पाचवी अनुसूची आणि सिंहगडचा उंदीर

1972 साली वन्यजीव (संरक्षण) कायदा झाला, तेव्हा त्याच्या शेवटी अनुसूच्या जोडलेल्या होत्या. कोणत्या प्राण्याला किती संरक्षण, हे त्यावरून ठरायचं. पहिल्या अनुसूचीत मानाचे प्राणी. पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राणी, म्हणजे ज्यांना मारायला परवाना लागत नाही असे. कावळा, फळं खाणारी वटवाघळं आणि उंदरांचे लहानमोठे सगळे प्रकार या पाचव्या यादीत होते. पुढे तीन वर्षांनी, 1975 मध्ये, पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले ए. सी. मिश्रा आणि व्ही. धांडा यांनी ‘जर्नल ऑफ मॅमॉलॉजी’ या नियतकालिकात एक शोधनिबंध लिहिला आणि विज्ञानाला तोवर ठाऊक नसलेल्या एका उंदराचं वर्णन केलं. नमुने सिंहगडावरचे, म्हणजे जुन्या कोंडाण्यावरचे होते, म्हणून नाव ठेवलं ‘मिलार्डिया कोंडाना’. आज आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो ‘धोक्यात’ या वर्गात आहे. त्याची सगळ्यांत परिचित वस्ती म्हणजे सिंहगडाचा माथा.

म्हणजे विज्ञानाच्या दप्तरात ज्या दिवशी त्याची जन्मनोंद झाली, त्या दिवशी कायद्याच्या दप्तरात तो आधीच उपद्रवी ठरलेला होता. हे कोणी आकसानं केलं नव्हतं. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे धान्याच्या कोठारातला उंदीर होता, आणि त्या काळी अन्नधान्याची जी ओढाताण चालली होती ती पाहता त्यांना दोष देता येणार नाही. पण उंदरांच्या बाबतीत ही यादी त्यानंतर पन्नास वर्षं तशीच राहिली. 2022 च्या दुरुस्तीनं पाचवी अनुसूची रद्द केली, आणि ती दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून अमलात आली. एवढ्या काळात कोंडाण्याच्या उंदराला कायद्यानं कोणी मारलं असेल असं नाही. त्याला मारायला कोणी गेलंच नाही. त्याच्याकडे कोणी पाहिलंच नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

या पुस्तकातले लेख अशाच प्राण्यांविषयी आहेत: उंदीर, चिचुंद्री, वटवाघूळ, खवले मांजर. संपादकांनी प्रस्तावना लिहायला सांगितली तेव्हा पहिला विचार मनात आला तो असा की हे पुस्तक विकत कोण घेणार? वाघावरची पुस्तकं दिवाळीच्या भेटीला दिली जातात. चिचुंद्रीचं चित्र असलेलं मुखपृष्ठ पाहून लोक पुस्तक उलटं ठेवतील. मग लेख वाचायला घेतले आणि ही शंका बाजूला पडली.

आधी थोडा हिशेब सांगतो. जगात सस्तन प्राण्यांच्या साधारण साडेसहा हजार जाती मानल्या जातात. त्यातल्या निम्म्याहून अधिक जाती उंदीरवर्गीय आणि वटवाघळं या दोनच गटांतल्या. भारतात सस्तन प्राण्यांच्या सव्वाचारशेच्या आसपास जाती आहेत, आणि त्यातल्या सव्वाशेहून जास्त नुसती वटवाघळं. तेव्हा वाघ, हत्ती, गेंडा हे सस्तन प्राण्यांचे प्रतिनिधी नव्हेत. ते अपवाद आहेत. सर्वसाधारण सस्तन प्राणी मुठीत मावतो, रात्री फिरतो, आणि त्याला ओळखायचं तर दात पाहावे लागतात.

वाघाच्या बाजूनं एक युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि तो खोटा नाही. वाघाला मोठं जंगल लागतं. ते राखलं की त्यात राहणारे बाकीचे जीव आपोआप राखले जातात. म्हणून वाघ म्हणजे सगळ्यांच्या डोक्यावरची छत्री. 1973 च्या व्याघ्र प्रकल्पापासून या छत्रीखाली पुष्कळ रान वाचलं, यात वाद नाही. पण छत्रीचा काठ कुठे संपतो हेही पाहायला हवं. सिंहगडाच्या माथ्यावर वाघ नाही. वटवाघळांच्या गुहा, कोकणातले कातळसडे, लोकांच्या मालकीची रानं, गावाबाहेरची माळरानं यांतलं बरंचसं कोणत्याही व्याघ्र प्रकल्पात येत नाही. एखाद्या जातीची सगळी दुनिया एका डोंगरमाथ्याएवढी असेल, तर शेजारच्या जिल्ह्यात कितीही मोठं अभयारण्य झालं तरी तिला त्याचा उपयोग नाही.

कोंडाण्याच्या उंदराच्या ‘मिलार्डिया’ या नावामागे मुंबईतला एक इतिहास आहे. डब्ल्यू. एस. मिलार्ड हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव होते. शाळकरी सलीम अली एक अनोळखी चिमणी घेऊन संस्थेत गेले, तेव्हा त्यांना आत बोलावून पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवणारे ते हेच. याच मिलार्ड यांच्या पुढाकारानं 1911 मध्ये संस्थेनं हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. सरकार, संस्थानिक, मळेवाले अशा सगळ्यांकडून वर्गणी गोळा केली, पगारी संग्राहक नेमले आणि त्यांना गावोगाव धाडलं. पहिला मुक्काम खानदेशात पडला. सी. ए. क्रम्प या संग्राहकानं तिथे जमवलेले नमुने हा या पाहणीचा पहिला अहवाल. पुढे बारा वर्षं, 1923 पर्यंत, हे काम चाललं. ब्रह्मदेशापासून श्रीलंकेपर्यंतची हजारो कातडी आणि कवट्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे गेल्या, काही मुंबईत राहिल्या. आपल्याकडच्या लहान सस्तन प्राण्यांविषयी जे काही पक्कं माहीत आहे, त्याचा पाया अजूनही बऱ्याच अंशी ही पाहणीच आहे. शंभर वर्षांपूर्वी ज्या गावाशेजारी अमुक जातीचा उंदीर सापडल्याची नोंद आहे तिथे तो आज आहे का, एवढा साधा प्रश्न बहुतेक गावांबाबत पुन्हा कोणी विचारलेला नाही. या पुस्तकातला खानदेशावरचा लेख नेमका तोच प्रश्न विचारतो, म्हणून तो मला सगळ्यांत मोलाचा वाटला.

आता सिंहगडाकडे येऊ. विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, 1952 मध्ये पुण्यात सुरू झालं. डास, गोचीड, पिसवा आणि त्यांना अंगावर वागवणारे लहान प्राणी हा तिथल्या कामाचा रोजचा भाग. रोग कुठून येतो हे शोधायचं तर यजमान कोण ते आधी ठरवावं लागतं. उंदीर ओळखणं ही त्यांची हौस नव्हती, कामाची गरज होती. आपल्या प्राणिशास्त्रातल्या कितीतरी नोंदी अशा आरोग्य खात्याच्या, शेती खात्याच्या दारातून आत आल्या आहेत.

सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 1300 मीटर उंच. पावसाळ्यात धुकं आणि चिखल, दिवाळीनंतर कमरेएवढं वाळलेलं गवत, उन्हाळ्यात भाजून निघालेला मुरूम. पुणेकर या गडावर किती जीव टाकतात हे सांगायला नको. रविवारी सकाळी वनविभागाच्या नाक्यावर उपद्रव शुल्क भरून गाड्यांची रांग घाटात चढते. वर पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही. हे सगळं मलाही प्रिय आहे, तेव्हा उगाच नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट समजून घ्यायला हवी. माणसाची वर्दळ वाढली की उरलेलं अन्न वाढतं. अन्न वाढलं की घरउंदीर येतो, घूस येते, मांजरं येतात, भटकी कुत्री येतात. कोंडाण्याच्या उंदराला गवत हवं, झुडपं हवीत, बिळं करता येतील अशी माती हवी. त्याच्या घरात आता हे सगळे पाहुणे आले आहेत. गवत जळतं, चरलं जातं, वाटा रुंद होतात. पर्यटन, चराई आणि झाडोऱ्याचा ऱ्हास हीच कारणं लाल यादीनं या उंदराच्या बाबतीत नोंदवली आहेत.

यावर उपाय काय, असं विचारलं की लगेच कोणीतरी गड बंद करा म्हणतं, आणि दुसरं कोणीतरी एका उंदरापायी लोकांच्या पोटावर पाय आणता काय म्हणतं. दोघांनाही उंदीर ठाऊक नसतो. गडावर आज किती उंदीर आहेत, कोणत्या उतारावर आहेत, वणव्यानंतर कुठे जातात, वर्षाला किती पिल्लं जगतात, हे वर्षानुवर्षं एकाच पद्धतीनं मोजत राहणारी व्यवस्था उभी राहिली, तर बंद कराव्या लागतील त्या जागा फार थोड्या निघतील, असा माझा अंदाज आहे. दोन-चार गवताळ तुकडे कुंपण घालून राखले, तिथे वणवा लागू दिला नाही आणि कचरा खाली नेला, तर पिठलं-भाकरीला धक्का लागायचं कारण नाही. पण मोजल्याशिवाय कोणता तुकडा हे कोण सांगणार?

मोजण्याचं काम कसं चालतं, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढच्या लेखांत ते गृहीत धरलेलं आहे. शर्मन सापळा म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्याची घडी घालता येणारी लांबट पेटी. एका टोकाला आत पडणारं दार, आत एक झुलती पट्टी. प्राण्याचा पाय पट्टीवर पडला की दार मिटतं. प्राणी जिवंत राहतो. आमिषाला शेंगदाण्याचा कूट, कधी त्यात भाकरीचा चुरा, कधी भज्याचा तुकडा. संध्याकाळी ठरावीक अंतरानं ओळीत सापळे मांडायचे, प्रत्येकाच्या शेजारी फडक्याची खूण बांधायची, थंडी असेल तर आत कापूस घालायचा. सकाळी ऊन चढायच्या आत सगळे तपासायचे, कारण उन्हात पत्रा तापला तर आतला जीव भाजून निघतो. बहुतेक सापळे रिकामे निघतात. काहींतलं आमिष मुंग्यांनी संपवलेलं असतं, काही कुत्र्यांनी उलटे पाडलेले असतात.

एखाद्याचं दार मिटलेलं दिसलं की तोंडाला कापडी पिशवी लावून सापळा तिच्यात उलटा करायचा. पिशवी काट्याला लटकवून वजन घ्यायचं, नंतर रिकाम्या पिशवीचं वजन वजा करायचं. मग पिशवीतूनच मानेमागे चिमटीत धरून मापं: डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, शेपटी, मागचा पाय, कान. मागच्या पायाच्या तळव्यावर छोट्या गाद्या असतात, त्या मोजायच्या. नर की मादी, मादी असेल तर दूध पाजणारी आहे का, हे पाहायचं. फोटो घ्यायचा आणि जिथे पकडला तिथेच सोडायचा. अनुभवी हात असेल तर दोन मिनिटांत सगळं आटोपतं. नवखा असेल तर उंदीर त्याच्या बोटाला आपली नोंद करून जातो. या कामाला वनविभागाची परवानगी लागते, ती मिळायला महिने जातात, आणि अर्जात प्राण्याच्या नावापुढे ‘उंदीर’ लिहिलेलं पाहून टेबलापलीकडचा माणूस हसतो. हे हसू या क्षेत्रात काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकानं पाहिलेलं आहे.

एवढं करूनही प्राणी कोणता, हे जागेवर ठरेलच असं नाही. त्याचं उदाहरण मुंबईतच घडलं. 1948 मध्ये ॲंगस हटन या मळ्यावर राहणाऱ्या निसर्गअभ्यासकानं तमिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरांत एक वटवाघूळ पकडलं आणि नमुना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवला. आखूड नाकाचं नेहमीचं फलाहारी वटवाघूळ, अशी चिठ्ठी लागून तो कप्प्यात गेला. तिथे तो चोवीस वर्षं पडून होता. मग थायलंडचे संशोधक कित्ती थोंगलोंग्या यांनी त्याची कवटी पाहिली, दात पाहिले, आणि ही निराळी जात आहे, एवढंच नव्हे तर निराळी प्रजातीही आहे, हे 1972 मध्ये जाहीर केलं. नाव दिलं ‘लॅटिडेन्स सलीमअली’. पुढे 1993 पर्यंत ते जिवंत कोणाला दिसल्याची नोंद नाही. आणि 1972 हेच कायद्याचं वर्ष असल्यामुळे, हे वटवाघूळही फळं खाणारं म्हणून पाचव्याच अनुसूचीत जाऊन बसलं. त्याला तिथून काढून पहिल्या अनुसूचीत न्यायला बराच काळ आणि बरीच पत्रापत्री लागली. कोइम्बतूरच्या झू आउटरीच ऑर्गनायझेशनच्या सॅली वॉकर, संजय मोलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या अभ्यासकांना एका टेबलाभोवती बसवून लहान सस्तन प्राण्यांच्या स्थितीचे जे अहवाल तयार केले, वटवाघळांचा 2002 मध्ये आणि उंदीर-चिचुंद्र्यांचा 2005 मध्ये, ते नसते तर असं काही मागण्यासाठी हातात कागदच नव्हता.

पहिल्या अनुसूचीत जागा मिळालेलं दुसरं वटवाघूळ आपल्या अधिक जवळचं आहे. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यात, गोव्याच्या हद्दीला लागून, तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहेत. 1911 च्या त्याच पाहणीच्या काळात इथे एक मोठ्या कानांचं, चॉकलेटी अंगाचं, मानेवर फिकट पट्टा असलेलं वटवाघूळ सापडलं. ओल्डफिल्ड थॉमस यांनी 1913 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि पाहणीचे अहवाल लिहिणारे निवृत्त वनाधिकारी रॉटन यांचं नाव त्याला दिलं. पुढे जवळजवळ नव्वद वर्षं हे वटवाघूळ जगात या एकाच ठिकाणी आहे अशी समजूत होती. त्यामुळे लाल यादीत ते ‘अत्यंत धोक्यात’ या वर्गात होतं. मग मेघालयात सापडलं, कंबोडियात एक सापडलं, आणि 2008 मध्ये त्याला ‘माहिती अपुरी’ या वर्गात हलवलं.

शास्त्राच्या दृष्टीनं हे बरोबरच होतं. व्यवहारात मात्र ‘माहिती अपुरी’ हा शेरा विचित्र वागतो. ‘अत्यंत धोक्यात’ म्हटलं की निधी मागता येतो, बातमी होते, वनाधिकारी फाईल वर काढतो. ‘माहिती अपुरी’ म्हटलं की सगळे निश्चिंत होतात, जणू प्राणी बरा झाला. खरं तर ज्याविषयी काहीच ठाऊक नाही त्याची काळजी जास्त घ्यायला हवी. बारापेडेच्या वटवाघळांचं नशीब असं की 2011 मध्ये कर्नाटक सरकारनं भीमगड अभयारण्य जाहीर केलं आणि गुहा त्यात आल्या. यामागे या वटवाघळाचं नाव होतं. एका छोट्या प्राण्याच्या नावानं मोठं रान राखलं गेल्याची आपल्या भागातली उदाहरणं फार नाहीत, म्हणून हे आवर्जून सांगितलं. छत्री उलटी धरली तरी चालते, हे त्यावरून दिसतं.

वटवाघळांची दुसरी अडचण त्यांच्या बदनामीची. ती जुनीच आहे, पण 2018 मध्ये केरळात निपाह आला, 2020 मध्ये करोना आला आणि तिला नव्यानं धार चढली. पुण्याच्या याच विषाणू संस्थेनं महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने मार्च 2020 मध्ये घेतले होते. त्यांत निपाहच्या खुणा सापडल्याचा शोधनिबंध 2021 मध्ये आला. महाराष्ट्रात माणसाला निपाह झालेला नव्हता. वटवाघूळ हा या विषाणूचा नैसर्गिक यजमान आहे हे आधीपासून माहीत होतं. तरी वाहिन्यांवर दोन दिवस महाबळेश्वर, गुहा आणि वटवाघळाचा जबडा एवढंच दिसत होतं. संशोधकांनी निबंधात जे लिहिलं ते चुकीचं नव्हतं, आणि ते लिहायला नको होतं असंही मी म्हणणार नाही. अशी पाळत ठेवणं हेच त्या संस्थेचं काम. पण अशा बातमीनंतर गावाजवळच्या गुहेत धूर करणारे, वडाच्या झाडावरची वस्ती फटाके लावून उठवणारे लोक निघतात. उठवलेली, बिथरलेली, उपाशी वटवाघळं रोग पसरवण्याच्या दृष्टीनं जास्त वाईट, हे सांगायला त्या वेळी वाहिनीवर कोणी नसतं. या पुस्तकातला वटवाघळांवरचा दीर्घ लेख एका डॉक्टरनं लिहिला आहे, हा संपादकांचा शहाणपणा.

खवले मांजराची गोष्ट या सगळ्यांहून निराळी. इथे नावाचा, ओळखीचा प्रश्न नाही. कोकणात पन्नाशी उलटलेल्या कोणालाही विचारा, त्याला खवले मांजर माहीत असतं. मुंग्या आणि वाळवी खातं, दात नाहीत, लांब चिकट जीभ, रात्री फिरतं, बहुधा एका वेळी एकच पिल्लू, पिल्लू आईच्या शेपटीवर बसून हिंडतं. धोका वाटला की अंग वळवून गोळा होतं. वाघ-बिबट्यापुढे ही युक्ती उत्तम. पोतं घेऊन आलेल्या माणसापुढे मात्र तो गोळा उचलून पोत्यात टाकणं हे पळणारा ससा पकडण्यापेक्षा कितीतरी सोपं. खवल्यांना परदेशात मागणी आहे, औषध म्हणून, आणि त्या खवल्यांत आपल्या नखांत असतं तेच केराटिन असतं. 2016 मध्ये साइट्स या वन्यजीव-व्यापारविषयक कराराच्या जोहान्सबर्ग परिषदेत जगातल्या आठही जातींच्या व्यापारावर बंदी आली. आपल्या कायद्यात तर ते पहिल्या अनुसूचीत आहेच. कायद्याची बाजू पूर्ण भक्कम, आणि तरी पोती भरली जातातच.

चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. वेळासच्या समुद्री कासवांच्या संवर्धनामुळे तिचं नाव घरोघरी पोचलं. खवले मांजरासाठीही त्यांनी तीच वाट धरली: आधी गावात बसायचं, मग रानात जायचं. कॅमेरा कुठे लावायचा हे गावकरी सांगतात, कारण ताजं उकरलेलं वारूळ त्यांनी सकाळी गुरं सोडताना पाहिलेलं असतं. डुगवे गावात 2020 मध्ये खवलोत्सव झाला. खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून गावकऱ्यांनी मिरवली. शहरातल्या काहींना ही नाटकं वाटतात. मला तसं वाटत नाही. ज्या गावात शिमग्याच्या पालखीपुढे शब्द दिला की तो मोडत नाहीत, तिथे पालखीत बसलेल्या प्राण्याला पोत्यात घालणं अवघड होतं. वनरक्षकाच्या गस्तीपेक्षा हा पहारा स्वस्त आहे आणि रात्रीही चालतो.

पण माझी खंत दुसरी आहे, आणि ती या पुस्तकात पुरेशी आलेली नाही. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडं. बहुतेक रान खासगी मालकीचं. मालक मुंबईला, सातबाऱ्यावर वीस नावं, आणि दर काही वर्षांनी ठेकेदार येऊन डोंगर मोकळा करून जातो. लाकूड सरपणाला, खैर काताला, आणि मोकळ्या जमिनीवर काजू नाहीतर रबर. शिकारी पकडला की फोटो छापून येतो. तोड मात्र रीतसर परवान्यानं होते, तिचा फोटो कोणी काढत नाही. खवले मांजर शिकाऱ्यापासून वाचलं तरी वारूळ जेसीबीखाली गेलं तर खाणार काय? रान न तोडण्यासाठी मालकाला वर्षाकाठी काही रक्कम हाती पडेल असा मार्ग निघाला तरच कोकणातलं रान टिकेल, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसत्या जनजागृतीनं सातबाऱ्यावरची वीस नावं एका बाजूला येत नाहीत.

संशोधन आणि संवर्धन लहान प्राण्याच्या बाबतीत किती दूरवर जाऊ शकतं, हे पाहायचं तर आसामात जावं लागतं. पिग्मी हॉग हे जगातलं सर्वांत लहान रानडुक्कर, उंची जेमतेम वीतभर. ते संपलं असं मानलं जात होतं. 1971 मध्ये गवताला आग लागली आणि काही डुकरं बरनदीजवळच्या चहाच्या मळ्यात आश्रयाला आली, तेव्हा ती आहेत हे कळलं. 1996 मध्ये मानसच्या रानातून सहा डुकरं धरून गुवाहाटीजवळ बसिष्ठ इथे त्यांची पैदास सुरू झाली. ड्युरेल ट्रस्ट, आसाम वनविभाग आणि स्थानिक अभ्यासक यांनी मिळून हे चालवलं. पहिली सोळा डुकरं 2008 मध्ये सोनाई-रूपाई अभयारण्यात सोडली. तेव्हापासून दीडशेहून अधिक डुकरं वेगवेगळ्या गवताळ रानांत गेली आहेत. सहा डुकरांपासून पहिल्या सोळांपर्यंत बारा वर्षं लागली, हा आकडा निधी देणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. तीन वर्षांच्या प्रकल्पात असलं काही होत नाही. आणि त्या बारा वर्षांतलं अवघड काम पैदाशीचं नव्हतंच. डुकरं पिंजऱ्यात वाढली. त्यांना सोडायला उंच गवत शिल्लक ठेवणं, ते वेळी-अवेळी जाळू न देणं, हे अवघड होतं. या डुकराच्या अंगावर एक ऊ असते, ती दुसऱ्या कोणावर जगत नाही. डुक्कर गेलं तर तीही गेली. तिचंही नाव धोक्यातल्या जीवांत घेतलं जातं. पुण्याच्या गोचीड-पिसवांवाल्या शास्त्रज्ञांना हे ऐकून बरं वाटलं असतं.

कोंडाण्याच्या उंदरासाठी उद्याच असं पैदास केंद्र काढा, असं मी म्हणत नाही. तशी वेळ आलेली आहे की नाही हे सांगायलाही मोजणीच लागेल. आसामच्या उदाहरणातून घ्यायचं ते एवढंच की तिथे पंचवीस-तीस वर्षं तेच लोक तेच गवत पाहत राहिले. आपल्याकडे पीएच.डी. होते, प्रबंध बांधून ग्रंथालयात जातो, विद्यार्थी नोकरीला लागतो आणि त्या डोंगरावर पुन्हा सापळा मांडला जातो तो पुढच्या पीएच.डी.ला. मधली वर्षं कोरी राहतात. लहान प्राणी वर्ष-दोन वर्षंच जगतो. त्याच्या हिशेबानं या कोऱ्या वर्षांत कितीतरी पिढ्या येऊन जातात.

शेवटी पुस्तक वाचण्याविषयी थोडं. गुहांची आणि बिळांची नेमकी ठिकाणं लेखांत मुद्दाम दिलेली नाहीत. तालुक्याच्या पुढे कोणी गेलेलं नाही. नकाशे हवेत अशी तक्रार येईल, पण खवल्यांचा दलालही पुस्तकं वाचतो. जातींची मराठी नावं जिथे लोकांच्या तोंडी आहेत तिथे तीच ठेवली आहेत. जिथे नाहीत तिथे शास्त्रीय नाव देवनागरीत दिलं आहे, नवी नावं पाडण्याचा मोह संपादकांनी टाळला. परिशिष्टात नोंदीचा एक कोरा तक्ता आहे, त्याची छायाप्रत काढून वापरावी. मेलेली चिचुंद्री, उंदीर किंवा वटवाघूळ वाटेत दिसलं तर उघड्या हातानं उचलू नका. शेजारी पट्टी नाहीतर एखादं नाणं ठेवून वरून, बाजूनं आणि पोटाकडून असे तीन फोटो घ्या, तारीख, गाव आणि आजूबाजूला काय आहे, गवत, भातखाचर, घर, की गुहा, ते लिहा, आणि तक्त्यावर दिलेल्या पत्त्यावर पाठवा. ओळखता आलं नाही तर नावाचा रकाना रिकामा सोडा. चुकीच्या नावापेक्षा रिकामा रकाना बरा. जिवंत वटवाघूळ घरात शिरलं असेल तर दिवे मालवून खिडकी उघडी ठेवा, ते आपणहून जातं.